अब्बांचा चष्मा आणि ०.२.९

रमजानमध्ये घरी गेलो की पहाटेचं एक दृश्य ठरलेलं असायचं. सहरी आटोपायची, अब्बा फजरची नमाज पढून यायचे आणि झोपायच्या ऐवजी जुना लॅपटॉप उघडून बसायचे. शेजारी बुटांच्या खोक्यात कार्डं. गावच्या बंद पडलेल्या वाचनालयाची ही कार्डं त्यांनीच नोकरीत असताना, शाळा सुटल्यावर, बोरूच्या वळणाने लिहिलेली. पुस्तकं निम्मी वाळवीने खाल्ली, निम्मी कुणाकुणाच्या घरी गेली. कार्डं मात्र राहिली. निदान आपल्याकडे काय होतं हे तरी टिकावं, म्हणून निवृत्त मराठी शिक्षक रोज दहा-बारा कार्डं संगणकात चढवत होता.

२०२४ च्या रमजानमध्ये गेलो तेव्हा लॅपटॉप कपाटावर होता. वर टॉवेल टाकलेला. विचारलं तर म्हणाले, "आता नाही जमत. नजर गेली." अम्मी स्वयंपाकघरातून म्हणाली, "नवा चष्मा आणलाय जानेवारीत, तरी तेच." मी वयाचा हिशेब केला, एकोणऐंशी, आणि गप्प बसलो. त्या गप्प बसण्याचं मला अजून वाईट वाटतं, कारण त्यांच्या नजरेला काही झालं नव्हतं. जे झालं होतं ते मी केलं होतं.

ती गोष्ट सांगायची तर आधी प्रोग्रॅमबद्दल सांगावं लागेल.

अब्बांचा उजवा हात थरथरतो. माउस त्यांच्या कामाचा नाही. बाण एका चौकटीवर नेऊन तिथे स्थिर ठेवणं हीच त्यांच्यासाठी कसरत. म्हणून लॉकडाउनच्या वर्षी मी त्यांना माउसशिवाय चालणारा प्रोग्रॅम लिहून दिला. काळा पडदा, एका वेळी एक प्रश्न. लेखक कोण? लिहा, एंटर. पुस्तक कुठलं? लिहा, एंटर. प्रश्न वरच्या ओळीत छापला जायचा आणि खालच्या ओळीत फक्त एक छोटा बाण, त्याच्यापुढे त्यांनी लिहायचं. भाषा पायथन आणि ओळ टाइप करून घेण्याचं काम प्रॉम्प्ट टूलकिट नावाच्या लायब्ररीकडे. इथे लायब्ररी म्हणजे दुसऱ्याने लिहून ठेवलेला, आपण वापरायचा कोड. वाचनालयाच्या गोष्टीत हा शब्द घोटाळा करणारा आहे, पण त्याला इलाज नाही.

काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करून घेणं हे वाटतं तितकं साधं नसतं. मागे जाऊन अक्षर दुरुस्त करायचं, आधीचं उत्तर परत आणायचं, अर्धं नाव लिहिल्यावर उरलेलं सुचवायचं, हे सगळं कुणीतरी लिहावं लागतं. लिनक्सच्या जगात हे काम वर्षानुवर्षं ग्नू रीडलाइन करते. ब्रायन फॉक्सने ती सुरू केली आणि चेट रेमी ती अनेक वर्षं सांभाळत आले आहेत. बॅशमध्ये वरचा बाण दाबून मागची आज्ञा परत येते ती तिच्यामुळे. बेल्जियन प्रोग्रॅमर जोनाथन स्लेंडर्स यांनी तेच काम आणि बरंच जास्त काम शुद्ध पायथनमध्ये केलं, ते प्रॉम्प्ट टूलकिट. तिच्यात कुठल्या बटणावर काय घडावं हे आपण ठरवू शकतो. मला तीच गोष्ट हवी होती.

सुरुवातच फजितीने झाली. एक जुनं उदाहरण समोर ठेवून लिहायला घेतलं तर पहिल्याच ओळीला प्रोग्रॅम अडला. उदाहरण पहिल्या मालिकेचं होतं, माझ्याकडे तिसरी. पहिल्या मालिकेत बटणं बांधायला 'की बाइंडिंग मॅनेजर' होता. २०१८ साली दुसरी मालिका आली तेव्हा तो गेला आणि त्याच्या जागी सुटसुटीत 'की बाइंडिंग्ज' आलं. बदल चांगलाच होता, पण त्या वर्षी त्याने पुष्कळांना रडवलं. आयपायथनच्या सातव्या आवृत्तीला दुसरी मालिका हवी होती आणि ज्युपिटर कन्सोल अजून पहिलीवरच होतं. एका घरात दोघांना बसवलं की एकजण आजारी. तेव्हाचं पिप, म्हणजे पायथनचं सामान आणणारा हमाल, असली भांडणं नीट तपासतही नसे. जे शेवटी सांगाल ते आणून टाकायचं. २०२० च्या अखेरीस आलेल्या २०.३ या आवृत्तीपासून ते आधी सगळ्यांच्या अटी जुळवून बघू लागलं.

मग बटणं. अब्बांना एक सोय फार हवी होती: एकाच लेखकाची कार्डं ओळीने येतात, तेव्हा 'वरीलप्रमाणे' म्हणायला एक बटण. मी 'मागचं' या शब्दातला म घेऊन कंट्रोल-एम बांधलं. दाबलं की मागचं उत्तर भरायचं आणि पुढे जायचं. पहिल्या तीन पुस्तकांचे लेखक एकच झाले. अब्बा म्हणाले, "शामराव ओक कुठे गेले?" मी तर एंटरच दाबतोय म्हणाले, आणि खरंच एंटरच दाबत होते. टर्मिनलच्या दृष्टीने कंट्रोल-एम आणि एंटर ही एकच गोष्ट आहे. कंट्रोल धरून अक्षर दाबलं की जुन्या आस्कीच्या तक्त्यातला एक लहान आकडा जातो. एम हे तेरावं अक्षर, आणि तेरा हा आकडा एंटरचाही. तसंच कंट्रोल-आय म्हणजे टॅब आणि कंट्रोल-एच म्हणजे आठ, जो बॅकस्पेसचाही आकडा. पडद्याच्या आतल्या प्रोग्रॅमकडे आकडा पोचतो, बोट पोचत नाही. शिवाय आमच्या मशीनवर मराठी चालू असताना कंट्रोलसोबतची अक्षरं धड पोचतही नव्हती. म्हणून सगळं सोडून एफच्या रांगेत गेलो. त्यातही एफ १ टर्मिनलची मदत उघडायचं आणि एफ १० त्याचा मेन्यू. उरलेल्यांत आमचा संसार बसला.

एफ २ वरीलप्रमाणे. एफ ३ वर दऱ्या-खोऱ्यांतला तो आडवा र, कारण 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतला फरक अब्बांना जिवापेक्षा प्यारा. एक समुद्र आणि दुसऱ्या डोंगरामधल्या. एस्केपने ओळ पुसायची. ते दाबल्यावर प्रोग्रॅम अर्धा सेकंद थांबतो, कारण बाणांची बटणंही आधी एस्केपचाच आकडा पाठवतात आणि पुढे काही येतंय का हे त्याला बघावं लागतं. हे अब्बांना आवडायचं. "पुसायच्या आधी विचार करतो," म्हणायचे.

एफ ४ वरून आमचं भांडण झालं. ते मी नुक्त्याला दिलं होतं. वाचनालयात चाळीसएक उर्दू पुस्तकं होती, त्यांची नावं देवनागरीत उतरवायची तर ज़, फ़, ख़ लागणार असं मला वाटलं. अब्बांनी ते बटण पाहिलं आणि शाळेतला आवाज काढला. "मराठीत नुक्ता नाही." मी म्हटलं, उर्दू शब्द आहेत. तर म्हणाले, "गझल मराठी आहे की नाही? झ ने लिहितोस ना? काझी, झ ने. हजार ज ने लिहितोस आणि उच्चार बरोबर करतोस, कुणी टिंब दिलं नव्हतं. मराठीने हे शब्द घेतले तेव्हा आपल्या घरात आपल्या रीतीने बसवले. तू आता त्यांना पाहुणे करून परत दाराशी उभं करतोयस."

मी शहरात राहतो, लोक आपलं आडनाव ऐकून पुढच्या वाक्यात हिंदीत शिरतात हे मला रोजचं आहे. उर्दूचं टिंब जपावं असं मला वाटण्यामागे तेही असेल. अब्बांचा मुद्दा त्यांच्या आयुष्यातून आलेला: चौतीस वर्षं मराठीचं व्याकरण शिकवलेला माणूस. मी तांत्रिक युक्तिवादही केला नाही, कारण तो त्यांच्याच बाजूने जात होता. युनिकोडमध्ये ज़ दोन तऱ्हांनी लिहिता येतो, एकच जोड-अक्षर म्हणून किंवा ज आणि वर नुक्ता अशा दोन तुकड्यांत. दिसायला सारखे, शोधायला वेगळे. प्रमाणीकरण केलं की ज़ चे दोन तुकडे होतात, आणि त्याच नियमांखाली ऱ मात्र एकसंध राहतो. म्हणजे आमच्या यादीत नुक्ता आला की शोधाची डोकेदुखीही येणार. बटण राहिलं, पण अब्बांनी ते वापरलं नाही.

तीन वर्षं सगळं नीट चाललं. २०२३ च्या डिसेंबरात लॅपटॉपची हार्डडिस्क गेली. नोंदी माझ्याकडे होत्या, त्यामुळे नुकसान काही नाही. मी घरी जाऊन नवी डिस्क बसवली, तोच जुना लिनक्स त्याच पेनड्राइव्हवरून टाकला, प्रोग्रॅम आणला. आणि मी शहाणा माणूस होतो: कुठलं सामान लागेल त्याच्या फायलीत मी आवृत्ती पक्की लिहून ठेवली होती, प्रॉम्प्ट टूलकिट ३.०.८. तीच आली. चालवून बघितलं. लेखकाच्या ठिकाणी 'फुले' लिहिलं, खाली सुचवण्यांची यादी उघडली, एंटर दाबलं, पुढचा प्रश्न आला. बंद केलं आणि रात्रीची गाडी धरली.

रमजानच्या त्या आठवड्यात, गप्प बसून दोन दिवस झाल्यावर, एका पहाटे मीच लॅपटॉप खाली काढला. म्हटलं अब्बा सांगतील, मी लिहीन. पहिलं कार्ड एका काझींचं होतं. 'काझी' लिहिलं, खाली नावांची यादी उघडली, आणि कर्सर झ च्या डोक्यावर येऊन बसला. पुढचं अक्षर आधीच्या अक्षरावर उमटलं. बॅकस्पेस दाबलं तर पुसायच्या ऐवजी झ दोनदा दिसायला लागला. मी अब्बांकडे पाहिलं. ते म्हणाले, "तुलाही असंच दिसतं?"

हे वाक्य त्यांनी ज्या आवाजात विचारलं तो आवाज मी लिहू शकत नाही.

तीन महिने ते हेच बघत होते. आधी वाटलं डोळे. नेत्रतपासणी केली, नंबर थोडा बदलला होता, चष्मा केला. तरी तेच. मग वाटलं डोकं. अक्षरं दोनदा दिसतात, लिहिलेलं नाहीसं होतं, हे कुणाला सांगायचं? त्यांच्या थोरल्या भावाचं शेवटी काय झालं ते घरात सगळ्यांना माहीत आहे. म्हणून त्यांनी लॅपटॉपवर टॉवेल टाकला.

मी त्या दिवशी दुपारपर्यंत बसलो. प्रोग्रॅम तोच, टर्मिनल तोच, लायब्ररीची आवृत्ती तीच. 'फुले' लिहिलं तर सगळं ठीक. 'शेख महंमद' ठीक. 'योगसंग्राम' लिहिलं की कर्सर दोन घरं मागे. 'इंधन' ठीक, 'हमीद दलवाई' दोन घरं मागे. कागदावर मांडलं तेव्हा कळलं: काना, वेलांटी, ओकार असलेले शब्द सरकतात, उकार, मात्रा आणि अनुस्वार असलेले सरकत नाहीत. युनिकोडच्या वर्गवारीत ा, ि, ी, ो ही चिन्हं जागा घेणारी धरली आहेत, तर ु, ू, े, ं ही जागा न घेणारी, म्हणजे अक्षराच्या वर-खाली बसणारी. 'फुले' या शब्दात एकही जागा घेणारं चिन्ह नाही. मी चाचणीला निवडलेला एकमेव शब्द असा होता ज्याच्यात हा बिघाड दिसणंच शक्य नव्हतं.

काळ्या पडद्यावर प्रत्येक अक्षर एका घरात बसतं, काही चिनी-जपानी अक्षरं दोन घरांत. कुठलं अक्षर किती घरं घेतं हे प्रॉम्प्ट टूलकिट स्वतः ठरवत नाही. ती डब्ल्यूसीविड्थ नावाच्या दुसऱ्या, लहानशा लायब्ररीला विचारते. प्रॉम्प्ट टूलकिटची तिच्याबद्दल वरची कुठलीही अट नाही; जी ताजी असेल ती येते. जुन्या लॅपटॉपवर ०.२.५ होती, ती 'का' या अक्षराला दोन घरं मोजायची. २०२३ च्या शेवटी ०.२.९ आली आणि त्या आवृत्तीपासून काना-वेलांटीला शून्य घरं मिळाली, म्हणजे 'का' एकच घर. आमचा जुना टर्मिनल मात्र अजून दोनच घरं देत होता. प्रोग्रॅमला वाटे आपण दुसऱ्या घरात आहोत, पडद्यावर असे चौथं. नुसतं पुढे लिहीत गेलात तर चूक झाकलेली राहायची. खाली यादी उघडली की कर्सर खाली जाऊन परत येताना आपल्या हिशेबाच्या घरात यायचा, आणि तिथे आधीच कुणीतरी बसलेलं असायचं.

मला सगळ्यात बोचलं ते हे की हा बदल आमच्याच लिप्यांसाठी केलेला होता. त्याच्या टिपणात देवनागरी, तमीळ, कन्नड यांची नावं आहेत. काना एकटा उभा राहत नाही हे कुणीतरी समजून घेतलं आणि दुरुस्त केलं. त्यांची चूक म्हणवत नाही. स्लेंडर्स यांचीही नाही. लायब्ररीने आपल्या खालच्या सामानाला आवृत्तीचे खिळे ठोकायला लागली तर २०१८ सारखी भांडणं रोज होतील. खिळे ठोकायचे असतात शेवटच्या माणसाने, ज्याचा प्रोग्रॅम कुणाच्या तरी टेबलावर चालतो त्याने. मी एकच ठोकला होता, वरचा. पिपला 'आत्ता इथे काय काय बसवलंय ते सगळं लिहून दे' म्हणता येतं, एका आज्ञेचं काम. माझी पूर्ण यादी दोन ओळींची झाली असती. मी एक लिहिली होती.

दुसरी ओळ लिहिली, जुनी आवृत्ती आणली, 'काझी' लिहिलं. कर्सर ी च्या पुढे जाऊन उभा राहिला.

नोंदींचं काय झालं ते नंतर पाहिलं. या सगळ्यात प्रोग्रॅमच्या पोटातला मजकूर कधीच बिघडला नव्हता. अब्बा जे टाइप करत ते आत बरोबर पोचत होतं. फक्त पडद्यावर चुकीचं दिसत होतं. जिथे त्यांनी दिसतं त्याकडे दुर्लक्ष करून एंटर दाबलं, तिथली नोंद अगदी शुद्ध. जिथे पडद्यावर भरवसा ठेवून, बॅकस्पेस दाबून दाबून दुरुस्ती केली, तिथे 'दलवई', 'योगसंग्रम' असलं काहीतरी. डिसेंबरनंतरच्या एकशे चौऱ्याहत्तर नोंदींपैकी एकसष्ट अशा निघाल्या. ईदच्या आधीच्या सहा पहाटा आम्ही त्यात घालवल्या. ते कार्ड वाचायचे, मी दुरुस्त करायचो. चौथ्या दिवशी त्यांनी मला खुर्चीतून उठवलं आणि स्वतः बसले.

एका कार्डापाशी ते थांबले. "ही चूक यंत्राची नाही." खरंच, कार्डावरच प्रकाशनाचं साल चुकलेलं होतं, त्यांच्याच अक्षरात. "हे मी तेव्हा चुकलो. तेव्हा तर चष्माही नव्हता."

मी त्यांना दोन ओळींची फाइल दाखवली. म्हटलं, पुन्हा डिस्क गेली तरी आता हेच येईल. त्यांनी ०.२.५ हा आकडा विचारून घेतला आणि कार्डांच्या खोक्याच्या आतल्या झाकणावर पेन्सिलने लिहिला. मग म्हणाले, ते एफ ४ रिकामंच पडलंय, त्याच्यावर 'अनुवाद' हा शब्द दे, फार लागतो. मी नुक्ता एफ ८ वर हलवला. त्यांनी पाहिलं, काही बोलले नाहीत.

नवा चष्मा आता वर्तमानपत्राला लागतो. लॅपटॉपला जुनाच बरा म्हणतात. परवा फोनवर सांगत होते, कार्डं 'श' पर्यंत आली.